पाय नेणाऱ्या गाडीच्या दर्शनाला

सौदी अरेबिया कायमचा सोडला त्या दिवशी इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, ऑफिसात जमा केला, विमानात बसलो आणि मनात म्हटलं, खलास. रास तनुराच्या रिफायनरीत उमेदीची सगळी वर्षं काढली होती. त्या वाळूशी आता आपला काही संबंध नाही, अशी माझी पक्की समजूत होती.

तरी गेल्या हिवाळ्यात परत गेलो. मुलीला भेटायला चाललोय, असं पुण्यात सोसायटीत सांगितलं, कारण खरं कारण सांगायची लाज वाटत होती. मी एक जुनी मोटारगाडी बघायला चाललो होतो, आणि तेही विन्याच्या हौसेपायी.

विन्या म्हणजे विनायक. आम्ही नाशिकला एका शाळेत, पुण्याला एका कॉलेजात आणि रास तनुराला एका खोलीत राहिलेले. नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालं असेल, एका शुक्रवारी अशाच एका शर्यतीच्या, म्हणजे रॅलीच्या गाडीने त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नेला. तो नाशिकला परतला आणि इंजिनिअरिंग ड्रॉइंगच्या शिकवण्या घेऊ लागला. त्याचे विद्यार्थी आता स्वतः निवृत्त होऊ लागलेत. आणि हा गृहस्थ मला फोन करून सांगतो:

"दिग्या, जेद्दाजवळ जुन्या रॅली-गाड्या आणतायत. नुसत्या ठेवणार नाहीत, चालवूनही दाखवणार आहेत. त्यात ती पण आहे."

"ती कोण?"

"ती रे."

"जिने तुला लंगडा केला ती?"

"तीच नाही. त्याच बनावटीची. तुझ्या मृणालकडे उतरू ना? एकट्याला मला व्हिसा-बिसा जमणार नाही."

हे साफ खोटं होतं. हा माणूस एकटा लेह-लडाखला जाऊन आलेला आहे. पण मी हो म्हटलं. तिथे गेल्यावर त्या गाडीबद्दल माझं मत तिच्या तोंडावर सांगता येईल, असा माझा हिशेब होता.

जेद्दा

विमानतळावर तपासणीच्या कमानीतून विन्या गेला आणि कमान बोंबलली. एक कोवळा अधिकारी पुढे आला. विन्याने सवयीने पँट वर केली आणि कृत्रिम पाय दाखवला. पोराचा चेहरा लगेच पडला. त्याने छातीवर हात ठेवून विचारलं, "सय्यारा?" म्हणजे मोटार का?

"सय्यारा," विन्या म्हणाला.

"मिस्कीन," अधिकारी हळहळला आणि आम्हाला रांगेच्या पुढे काढून दिलं. बिचारा, असा त्याचा अर्थ. मला ही सोय आवडली. विन्याने मात्र पँट खाली ओढली आणि बॅगांच्या पट्ट्याकडे चालू लागला.

न्यायला माझी मुलगी मृणाल आली होती. ती जेद्दात एका शिपिंग कंपनीत आहे; जावई कामासाठी दुबईला गेला होता. ती स्वतः गाडी चालवत होती, एका हाताने हॉर्न दाबत, आणि डावीकडून घुसणाऱ्या एका पिकअपवाल्याला "यल्ला, यल्ला" म्हणून हाकलत. तिची आई याच देशात वर्षानुवर्षं मागच्या सीटवर बसून मी सुटी कधी घेतो याची वाट बघायची. या देशात झालेल्या सुधारणांपैकी ही एक मला मनापासून मान्य आहे. बाकीच्या दाखवायला मृणालने दुसऱ्या दिवशी जुन्या शहरात नेलं. कोरीव लाकडी खिडक्यांची उंच घरं रंगवून, पुसून उभी केलेली. पूर्वी तिथे सुतळीचे गठ्ठे, मसाले आणि शिव्या असत. आता प्रत्येक खिडकीखाली कॉफीचं दुकान, आणि कॉफी देण्याआधी ती कुठल्या डोंगरावर पिकली यावर एक व्याख्यान. कप मात्र बाहुलीच्या भातुकलीतला.

मासे तेवढे चोख निघाले. बाजारात मासा आपण निवडायचा, तिथेच तळून घ्यायचा आणि कांद्यात परतलेल्या तपकिरी भाताबरोबर खायचा. या भाताला सय्यादिया म्हणतात. भात सुरेख, पण आमसुलाचा थेंब नाही, नारळाचा पत्ता नाही. विन्याने खिशातून लसणीच्या चटणीची डबी काढली. बाजूच्या टेबलावरच्या माणसाने वाकून बघितलं, तर त्यालाही चिमूटभर दिली. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण त्याने आणखी मागितली.

"विनूकाका," मृणालने जेवताना विचारलं, "तुम्हाला त्या गाडीचा राग नाही येत?"

"त्याच्या वाटचा मी करतो," मी म्हटलं.

त्या शुक्रवारची हकीकत मी घरात कधी नीट सांगितली नव्हती, ती तेव्हा सांगितली. त्या काळी रॅलीसाठी काही राक्षसी गाड्या बनत. बाहेरून दिसायला एखाद्या मास्तरांची छोटी गाडी असावी तशी, आणि आत, सीटच्या मागे, असं इंजिन की ते ट्रकलाही जड झालं असतं. ड्रायव्हरने पाय दाबला की आधी काहीच घडायचं नाही, आणि मग सगळं एकदम घडायचं. रस्त्याच्या कडेला हजारो खुळे उभे राहायचे आणि गाडी आली की दुभंगायचे. असे कितीतरी मेले तेव्हा कुठे त्या जातीच्या गाड्यांवर बंदी आली. आखातातल्या एका रॅलीआधी एक परदेशी चमू रास तनुरापासून तासाभरावरच्या खडकाळ वाळवंटात अशी गाडी चालवून बघत होता. ही बातमी आमच्या कँटीनपर्यंत पोचली आणि विन्याने मला अंथरुणातून ओढून नेलं.

तो वळणाच्या बाहेरच्या अंगाला उभा राहिला. मी मागे एका दगडावर बसून अंड्याचं सँडविच खात होतो, कारण मला त्यात काडीचा रस नव्हता. गाडी आली, वळणावर घसरली, मागचं अंग फेकल्यासारखं बाहेर आलं आणि विन्या दिसेनासा झाला. गाडी पुढे जाऊन दगडावर आपटली. तंबूतून मेकॅनिक धावत सुटले. मला वाटलं आमच्याकडे येतायत. ते आधी गाडीकडे गेले.

"सगळे?" मृणालने विचारलं.

"सगळे. विन्यापाशी मी एकटा होतो."

विन्या माशाचे काटे बाजूला काढत होता. "एक म्हातारा आला होता म्हणे नंतर," तो म्हणाला. "पाणी घेऊन."

"नंतर!" मी म्हटलं.

वाळवंट

प्रदर्शन शहराच्या उत्तरेला वाळवंटात होतं. मोठा डांबरी रस्ता सोडून फलकांच्या मागे जायचं होतं. मृणालने जवळचा रस्ता म्हणून फलक सोडला आणि थोड्याच वेळात आमची गाडी निम्म्या चाकांपर्यंत वाळूत रुतून बसली. मी खाली उतरून सूचना दिल्या. त्यांनी गाडी आणखी रुतली.

जवळच एक सौदी कुटुंब गालिचा पसरून सहलीला बसलं होतं. घरातला कर्ता पुरुष, पांढऱ्या झग्याच्या बाह्या सरसावत, हसत आला. त्याने चारही टायरांची हवा कमी केली, मृणालला चाक सरळ धरायला सांगितलं आणि गाडी बाहेर काढून दिली. वर हातपंपाने हवाही भरून देतो म्हणाला, आणि तोवर कॉफी घ्यायचा हुकूम केला. आपल्याकडे एवढं केल्यावर माणूस निदान चारचौघांना सांगतो. हा तर आम्हीच त्याच्यावर उपकार केल्यासारखा खजूर पुढे करत होता. विन्याने गालिच्यावर पाय लांब केला तेव्हा त्या गृहस्थाचं लक्ष गेलं. मोडक्या इंग्रजीत त्याने विचारलं, काय झालं?

विन्याने सांगितलं. गाडी, वळण, इस्पितळ, कापला. शाळेत पाढा म्हणावा तसं, कुठेही न थांबता. कुटुंबातल्या बायका चुकचुकल्या. मला वाटलं, विन्याला लोकांची माया आवडते. इतकी वर्षं मला तसंच वाटत आलं होतं.

प्रदर्शनाच्या दाराशी विमानाएवढा फलक होता: भीती परत आली आहे. ही भीती बघायला लोक लहान मुलांना बाबागाडीत घालून आले होते. थंडगार तंबू, गुलाबपाण्याचे फवारे, बसायला गुबगुबीत कोच. रिफायनरीत आम्ही शिरस्त्राण विसरलं तर दिवसभर बोलणी खायचो, आणि इथे लोकांचे जीव घेतलेल्या गाड्या लग्नातल्या रुखवतासारख्या मांडल्या होत्या. प्रत्येकीभोवती मखमली दोरी. पांढरे हातमोजे घातलेला एक नोकर अदृश्य धूळ पुसत होता. लोक पाठ फिरवून गाडीबरोबर स्वतःचे फोटो काढत होते. गाडीकडे तोंड करून कोणी उभं असलेलं मला दिसलं नाही.

एक विन्या सोडून. तो दोरीपाशी काठीवर दोन्ही हात टेकून उभा होता. ती गाडी होती. तीच आखूड, चौकोनी, पुढे डोळे फाडल्यासारखे जादा दिवे. मी इतकी वर्षं तिच्यासाठी वाक्यं जमवली होती. पण समोर बघितल्यावर ती एवढीशी वाटली की माझी पंचाईत झाली. आपल्या कॉलनीत कुणाच्या दारात उभी असती तर मी तिच्यावर पिशवी टेकवली असती.

रियाधहून आलेला मराठी मंडळींचा एक घोळका तिथेच होता. आयटीतले, बँकेतले, सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट. त्यातल्या एका पुणेकर तरुणाने आमचं बोलणं ऐकलं आणि ज्ञानदानाला पुढे सरसावला.

"काका, या गाड्या म्हणजे ना, वेडेपणा होता. हल्लीच्या गाड्यांत काही मजा नाही. तेव्हाचे ड्रायव्हर म्हणजे खरे मर्द. आणि प्रेक्षकसुद्धा! मृत्यूपासून हातभर अंतरावर उभे राहायचे."

"तुम्ही पाहिल्या आहेत का या पळताना?" विन्याने अदबीने विचारलं.

"सगळे व्हिडिओ पाठ आहेत माझे."

"वा," विन्या म्हणाला. आणि टर्बो म्हणजे काय हे त्याच्याकडून शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मी तिथून निघून गेलो. नाहीतर त्या मर्दाच्या टी-शर्टवर कॉफी सांडली असती.

मग मंचावर एक चटपटीत सौदी तरुण आला. हातात ध्वनिक्षेपक, तोंडी अरबी आणि इंग्रजी आलटून पालटून. त्याने सुवर्णकाळ हा शब्द इतक्यांदा वापरला की मी मोजणं सोडलं. गाड्या चालवून दाखवण्याआधी त्याने विचारलं, "या गाड्या त्या काळी प्रत्यक्ष धावताना पाहिलेलं इथे कोणी आहे?"

विन्याने काठी वर केली.

मी त्याची बाही धरली. "विन्या, खाली कर."

"सोड रे."

तो मंचाच्या पायऱ्या चढला, एक-एक करून. आता सांगेल, मला वाटलं. आता पँट वर करेल आणि या गुलाबपाण्यात बसलेल्या सगळ्यांना दाखवेल की सुवर्णकाळ कसा दिसतो. मला ते हवं होतं. त्यासाठीच मी आलो होतो, हे मला तेव्हा कळलं.

"सर, कसं होतं ते?" निवेदकाने विचारलं. "आवाज कसा होता?"

विन्या काठी सावरून उभा राहिला. मग त्याच्या शिकवणीतल्या सावकाश इंग्रजीत बोलू लागला. म्हणाला, आवाज कानाला कळण्याआधी तळपायांना कळायचा. दोन्ही तळपायांना. गाडी अजून टेकडीमागे असायची, दिसायची नाही, पण खडे हलायला लागायचे. मग एक बारीक शिट्टी, कुकरची यायच्या आधी येते तशी. मग इंजिन, सलग, कापड फाडत न्यावं तसं. ड्रायव्हरने पाय उचलला की मागून ज्वाळा आणि फटाक्यांची माळ. "आणि वळणाच्या अगदी आधी," तो म्हणाला, "एक पळभर शांतता. काहीच नाही. मी तेवढ्या एका पळासाठी इथे आलोय."

लोकांनी शिट्ट्या मारल्या. निवेदकाने हात छातीवर ठेवला. "आणि सर, धोकादायक होतं?"

"लोक तसं म्हणतात," विन्या म्हणाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

माझं डोकं तापलं. गाड्या निघाल्या त्या मी धड बघितल्याही नाहीत. बघण्यासारखं काही नव्हतंच. दुहेरी कठड्यांच्या मागून शाळेच्या बसच्या बेताने त्या एक फेरी मारून आल्या. मालकांना रंगाची काळजी. पुणेकर मर्द कठड्यावर चढून ओरडत होता. विन्या डोळे मिटून उभा होता, आणि वळणापाशी ड्रायव्हरने पाय उचलला तेव्हा त्याने मान किंचित हलवली, नाही, असं नाही, अशी.

परतीच्या वाटेवर मी त्याच्याशी बोललो नाही.

ताइफच्या घाटात

ताइफला जायचं आधीच ठरलं होतं, म्हणून सकाळी निघालो. ताइफ हे डोंगरावरचं थंड हवेचं गाव, गुलाबांसाठी नावाजलेलं. गुलाब नव्हते, हंगाम यायचा होता. तरी दुकानदार गुलाबाचं अत्तर, गुलाबाचा चहा, गुलाबाचा साबण गळ्यात मारतात, असं मृणालने आधीच बजावलं होतं. घाट मात्र मानला. उघडा, तपकिरी, झाडाचं नाव नाही, आणि रस्ता डोंगराला वेटोळे घालत सरळ आभाळात जातो. आपला कसारा घाट हिरवा म्हणून देखणा वाटतो. याला तेवढाही आधार नाही. वरच्या एका वळणावर गाड्या थांबवायला जागा आहे. तिथे वानरांची टोळी बसलेली असते, आपल्याकडच्यापेक्षा दांडगी, खांद्यावर राखाडी केस, आणि मोटारींचे दरवाजे उघडण्यात तरबेज.

मृणालने गाडी थांबवली, पण कुणी उतरलं नाही. एक वानर बॉनेटवर येऊन बसलं आणि आत बघू लागलं. मला यापेक्षा चांगली वेळ सापडली नाही.

"पायाचं का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"कुणाला?"

"त्या मंचावर. एवढे लोक टाळ्या पिटत होते. त्या टी-शर्टवाल्या गाढवाला ते ड्रायव्हर मर्द वगैरे वाटत होते. एकदा पँट वर केली असतीस तर सगळे तंबू गप्प झाले असते. तू त्यांना शिट्टी आणि फटाके सांगत बसलास."

"त्याने आवाज विचारला होता."

"म्हणून पाय सांगायचा नाही?"

विन्या मागच्या सीटवर होता. मी वळून बघितलं. तो चिडला नव्हता, दमलेला दिसत होता.

"दिग्या, पाय सगळेच विचारतात. विमानतळावर पाय. खजूर खायला बसलो, पाय. नाशिकला मला पायवाले सर म्हणतात, मला माहीत नाही असं त्यांना वाटतं. चाळीस वर्षं मी जिथे जातो तिथे पाय सांगतो. पण त्याच्या आधी मी तिथे उभा होतो की नाही? मला काहीतरी ऐकू येत होतं की नाही? ते कुणी विचारलंच नाही. काल त्या पोराने पहिल्यांदा विचारलं."

मृणालने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"मी विचारायची काय गरज?" मी म्हटलं. "मी होतोच तिथे."

"मग तुला कसा ऐकू आला?"

मी सांगायला तोंड उघडलं. सँडविच आठवलं, दगड आठवला, उन्हाची तिरीप आठवली. गाडीचा आवाज आठवेना. खरंच आठवेना. इतकी वर्षं ज्या गाडीला मी शिव्या घालत होतो तिचा मला आवाज माहीत नव्हता.

"मला तो आठवत नाही," मी म्हटलं. "मला तुझं ओरडणंच आठवतं."

विन्या पुढे वाकला. "मी ओरडलो होतो?"

"म्हणजे काय!"

"मला वाटायचं मी लगेच बेशुद्ध पडलो. शांतता झाली आणि मग इस्पितळाचं छत. मधलं काहीच नाही माझ्याकडे. खूप ओरडलो?"

"इस्पितळात न्यायला ट्रक येईपर्यंत."

"काय ओरडत होतो?"

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. बॉनेटवरचं वानर कंटाळून खाली उतरलं.

"माझं नाव," मी म्हटलं. "नुसतं माझं नाव. मी तुझं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो तरी तू मला हाका मारत होतास."

मृणालने नाक ओढलं. विन्याने चष्मा काढून शर्टाला पुसला आणि परत डोळ्यांवर चढवला.

"आईचं नाव घ्यायला हवं होतं," तो म्हणाला. "तू काय कामाचा."